दगडाचा आवाज

"खाली कशाला फोडतोस? मशीनची पूजा हाय, मशीनवरच फोड की!" मागून कुणीतरी ओरडलं.

रावश्या नारळ हातात धरून थांबला. खंडेनवमीचा दिवस होता. आमच्या टेक्निकल हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये सगळी यंत्रं पुसून, तेल लावून, झेंडूच्या माळा घालून उभी होती. लेथ, ड्रिल, शेपर आणि कोपऱ्यात ग्राइंडर. ग्राइंडरच्या दगडालाही माळ घालता यावी म्हणून त्याचं बाजूचं लोखंडी झाकण काढून ठेवलं होतं. आठ इंची राखाडी दगड ताटासारखा उघडा दिसत होता. माझ्या मैत्रिणीनं, शैलानं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं.

रावश्या म्हणजे आमच्याच वर्गातला रावसाहेब खोत. सांगलीला होणाऱ्या फिटिंगच्या स्पर्धेसाठी शाळेनं त्याला निवडलं होतं, म्हणून नारळाचा मान त्याचा. त्यानं एकदा आमच्याकडे बघितलं, हसला, आणि नारळ दगडाच्या कडेवर आपटला.

पहिल्याच फटक्याला नारळ फुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नारळाचं पाणी दगडावरून ओघळलं आणि स्वस्तिकाचे चारही पाय लाल होऊन खाली वाहिले.

मला दोन आवाज ऐकू आले होते. एक नारळाचा, तो ओला असतो. त्याच्याखाली दुसरा होता, बारीक आणि कोरडा. तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्या आव्यातून भाजलेली मडकी काढताना गार वाऱ्याची झुळूक आली की आत एखादं मडकं असाच आवाज करायचं. हातातलं काम न थांबवता आण्णा म्हणायचे, "गेलं एक."

बोरगावे सर तेव्हा दाराशी हेडसरांशी बोलत होते. आमच्याकडे त्यांची पाठ होती. एवढा नारळ फुटला, चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

प्रसाद वाटून झाल्यावर पोरं पळाली आणि आवरायचं काम आम्हा मुलींवर आलं. चाळीसात आम्ही पाच मुली होतो. मुलींना टेक्निकलला घ्यायला लागून दोनच वर्षं झाली होती. झाडू आणि फडकं मात्र पहिल्या दिवसापासून आमच्याच हातात होतं.

मी ओल्या फडक्यानं दगड पुसला. कुंकू निघालं. पुन्हा पुसला. एक रेघ राहिली. केसाएवढी, कडेपासून निघून मधल्या भोकापर्यंत गेलेली, जराशी वाकडी. फडकं दाबून घासलं तरी ती गेली नाही.

"शैला, हे बघ."

"काय ते?"

"ही रेघ जात नाही."

"कुंकू हाय गं. मीच तर काढलंय." शैला माळा गोळा करत होती. "राहू दे की. देवाचं हाय, देवाला बरं वाटंल. चल, मला दळण आणायचंय."

मी फडकं पिळलं आणि तिच्यामागून निघाले. दारात वळून बघितलं. इतक्या लांबून रेघ दिसत नव्हती.

*

बोरगावे सरांबद्दल सांगायला हवं.

ते उंच होते, बारीक होते आणि शाळेत सगळ्यात कडक. एका कारखान्यात बावीस वर्षं पत्रे ठोकण्याच्या खात्यात काम करून मग ते शिक्षक झाले होते. त्यांच्याशी बोलताना मान खाली घातलेली त्यांना चालत नसे. "तोंड वर कर. माझ्याकडे बघून बोल," असं म्हणायचे. मागून हाक मारली तर ओ देत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "वर्कशॉपमध्ये मागून हाका मारायच्या नाहीत. माणूस दचकतो आणि हात मशीनमध्ये जातो. काम असेल तर समोर येऊन उभं राहा." हजेरी घेताना ते प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत. लेथ चालू केला की त्याच्यावर तळहात ठेवत आणि डोळे मिटत. "बेअरिंग बोलतंय," असं म्हणत, आणि खरंच पुढच्या आठवड्यात ते बेअरिंग जायचं. पोरांना वाटायचं, या माणसाला काहीतरी सिद्धी आहे.

जूनमध्ये त्यांनी आम्हाला दगड वाजवायला शिकवलं. ग्राइंडरचा दगड मधल्या भोकातून बोटावर टांगायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं त्याला हळूच टोला द्यायचा.

"खणखणीत वाजला तर दगड चांगला," सर म्हणाले. "बद्द वाजला तर आत तडा आहे. तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. हा दगड मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेतो. त्या वेगात फुटला तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे जातात. म्हणून दगड बसवायच्या आधी वाजवायचा. बसवल्यावर चालू करायचा, बाजूला उभं राहायचं, एक मिनिट. घड्याळ लावून एक मिनिट. मगच समोर जायचं."

त्यांनी एकासारखे एक दिसणारे दोन दगड वाजवले आणि विचारलं, "यातला खराब कुठला?"

पोरं कुजबुजायला लागली. मी म्हणाले, "दुसरा."

"तू कुणाची?"

"कुंभाराची. माणिक कुंभार."

"तरीच!" मागून रावश्या म्हणाला. "सर, ही बाजारात दिवसभर गाडगी वाजवत बसती."

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. त्यानंतर कुठलाही दगड बदलायचा असला की ते मला पुढे बोलवायचे. ते वाजवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे. मग सर वर्गाला सांगायचे, "खणखणीत." महिन्याभरात मला याची सवय झाली आणि अभिमानही वाटायला लागला.

गणपतीच्या दिवसांत एका दुपारी शाळेमागच्या रस्त्यानं बँड निघाला. ताशा सुरू झाला तसे सगळे खिडकीकडे वळले. सर फळ्याकडे तोंड करून आकृती काढत होते. त्यांचा खडू थांबला नाही. काढून झाल्यावर ते वळले, सगळा वर्ग खिडकीकडे बघतोय हे त्यांना दिसलं, आणि मग ते रागावले.

मी घरी जाऊन त्यावर विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीमागे मोठी कानस फरशीवर पाडली. ते वळले नाहीत. चार दिवसांनी पुन्हा पाडली, या वेळी लाकडी फळीवर. ते लगेच वळले, पण आवाजाच्या दिशेनं नाही, आधी पायाकडे बघून. फळी त्यांच्या पायाखालीही होती. मी वहीच्या मागच्या पानावर दोन्ही तारखा लिहिल्या. कुणाला काही बोलले नाही. अजून खात्री नव्हती. मोठे आवाज न ऐकू येणं वेगळं आणि दगडाचा आवाज न कळणं वेगळं, असं मला वाटत होतं. दगड त्यांना बोटातून कळत असेल. बेअरिंग कळायचंच की.

नंतर स्पर्धेची निवड झाली. लोखंडाच्या पट्टीत चौकोनी खाच करून तिच्यात दुसरा तुकडा बसवायचा होता. माझा तुकडा बसला तेव्हा उजेडाकडे धरला तरी फटीतून काही दिसत नव्हतं. रावश्याच्या तुकड्यातून दोन बाजूंनी ऊन दिसायचं. सरांनी दोन्ही बघितले आणि रावश्याचं नाव लिहिलं.

मी समोर जाऊन उभी राहिले. तोंड वर करून विचारलं, "सर, माझं काय चुकलं?"

"काही नाही. काम सुबक आहे तुझं." सर जरा घुटमळले. "स्पर्धा चार दिवसांची आहे. तू इथं लागतेस मला."

हातांनी केलेलं काम माझं होतं, आणि त्यांना माझे फक्त कान हवे होते. मी तशीच घरी आले आणि त्या दिवशी आण्णांना मडकी लावायला मदत केली नाही.

*

दसऱ्याच्या दिवशी बाजारात आण्णांच्या शेजारी बसले होते. एक बाई माठ बघत होत्या. आण्णांनी माठावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि तो बाजूला ठेवला.

"तो का न्हाई?" बाईंनी विचारलं. "चांगला दिसतोय की."

"दिसतोय, पण न्हाई." आण्णांनी दुसरा पुढे केला.

बाई गेल्यावर मी विचारलं, "आण्णा, तडा गेलेला माठ कुणी नेला तर?"

"पाणी गळंल. घरी जाऊन शिव्या देतील. आणिक काय?" आण्णा हसले. "माणूस मरत न्हाई त्यानं. का गं?"

"उगाच."

"सकाळपास्नं गप का हाईस? सोनं वाटायला जायचं न्हाई का सरांकडं? शैला गेली की मघाशी."

"उद्या भेटतीलच की ते."

संध्याकाळी अंगणात आपट्याच्या पानांचा सडा पडला होता. मी वहीचं मागचं पान उघडलं. दोन तारखांखाली तिसरी लिहिली, उद्याची. तिच्यापुढची जागा कोरी ठेवली.

*

पूजेत दगड भिजतो म्हणून दसऱ्यानंतर तो उतरवून, वाळवून, वाजवून पुन्हा बसवायचा, ही सरांची पद्धत. त्या वेळी सगळा वर्ग भोवती उभा असायचा. पहिली धार सर स्वतः लावायचे. त्या वर्षी रावश्याची स्पर्धेची छिन्नी पहिली होती.

सरांनी दगड उतरवला तेव्हा तो कोरडा होता. त्यांनी ब्रशनं तो झटकला. रेघ अजून होती. लाल नाही, आता विटकरी झाली होती. सरांचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"कुंकू राहिलंय," ते म्हणाले. "फिरला की उडेल. माणिक, ये."

मी पुढे गेले. पोरं आपापसात बोलत होती, पिक्चर, फटाके, कुणाच्या तरी म्हशीची शिंगं. सरांनी दगड बोटावर टांगला. स्क्रूड्रायव्हर उलटा धरला, टोला दिला आणि माझ्याकडे बघितलं.

आवाज बद्द होता. पाट्यावर चप्पल आपटावी तसा. कुणीही कान दिला असता तर कळलं असतं. दगड सरांच्याच बोटावर होता, त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर.

मी मान हलवली.

"खणखणीत," सर वर्गाला म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो. गणिताचं उत्तर बरोबर आलं की येतो तसा होता. मनात मी कोरी जागा भरली. आता सांगायचं, असं मी ठरवलेलंच होतं. मान हलवायची, ते काय म्हणतात ते बघायचं आणि लगेच म्हणायचं, थांबा सर, चुकलं, पुन्हा वाजवा. मी ते शब्द पाठ करून आले होते.

पण सर वळले होते. त्यांनी दगड शाफ्टवर चढवला, दोन्ही बाजूंनी चकत्या लावल्या, नट आवळला, झाकण बसवलं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर जायला हवं होतं, आणि समोर ग्राइंडर होता. माझ्या आणि त्यांच्या मध्ये चार-पाच पोरं आली होती.

"सरका, सरका. समोर कुणी नाही. बाजूला." सरांनी बटण दाबलं.

दगड फिरायला लागला. आधी घरघर, मग गुणगुण, मग एकसारखा उंच सूर. सर बाजूला उभे राहिले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला लागले.

एक मिनिट होतं माझ्याकडे.

"सर," मी म्हणाले. ते शेजारच्या शैलालाच ऐकू गेलं.

"काय गं?" शैलानं विचारलं.

"सर!" मी मोठ्यांदा म्हणाले.

"मागून हाका मारायच्या न्हाईत, माहीत न्हाई व्हय?" एक पोरगा हसला. "समोर जा की, कुंभारणी."

सरांनी डावा तळहात ग्राइंडरच्या झाकणावर ठेवला, लेथवर ठेवायचे तसा. त्यांची भुवई हलली. मला वाटलं, कळलं त्यांना. हातातून कळलं. आता ते बंद करतील आणि मला काही सांगावं लागणार नाही. ते डोळे मिटणार होते एवढ्यात रावश्यानं छिन्नी पुढे केली, आणि ती घ्यायला सरांनी झाकणावरचा हात काढला.

"सर, थांबा! दगड फुटलाय! सर!"

आता सगळे माझ्याकडे वळले. एकटे सर वळले नाहीत. ते घड्याळाकडे बघत होते. त्या क्षणी मला जे दिसलं ते इतर कुणालाही दिसत नव्हतं. पोरं वाट बघत होती की सर वळतील, मला रागावतील. ते वळणार नाहीत, हे तिथं एकट्या मलाच माहीत होतं. मी कितीही ओरडले असते तरी काही होणार नव्हतं.

"रावश्या, बाजूला हो!"

मी मेन स्विचकडे पळाले. तो दाराशेजारी भिंतीवर होता, लोखंडी डबा, बाजूला दांडा. चौदा पावलं. नंतर मी ती कितीतरी वेळा मोजली. वाटेत कुणाची तरी पेटी पायात आली. मी दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

दिवे गेले, पण भर दुपारच्या उन्हात ते कळण्यासारखं नव्हतं. सूर उतरायला लागला. ग्राइंडर बंद केला तरी दगड लगेच थांबत नाही, बराच वेळ आपल्या वेगानं फिरत राहतो. ज्याला ऐकू येतं त्याला उतरता सूर ऐकून कळतं की काहीतरी झालंय. सरांचं मिनिट पूर्ण झालं होतं. ते समोर आले, वाकले आणि छिन्नी दगडाला टेकवली.

फार मोठा आवाज झाला नाही. कुणीतरी जाड पुस्तक जमिनीवर टाकावं एवढाच. वरून छपराच्या पत्र्याचा तुकडा खाली आला. मग छिन्नी फरशीवर घरंगळत गेली आणि सर उजवं मनगट डाव्या हातात धरून खाली बसले. त्यांच्या शर्टाची बाही हळूहळू काळी व्हायला लागली.

*

मनगटाची दोन हाडं मोडली होती आणि अंगठ्याची शीर तुटली होती. डॉक्टर हेडसरांना म्हणाले, पूर्ण वेगात फुटला असता तर तुकडा छातीतून गेला असता. दुसरा तुकडा छपरातून बाहेर पडला होता. त्या भोकातून वर्षभर वर्कशॉपमध्ये उन्हाचा एक गोळा पडायचा. दोन वाजता तो शेपरवर असायचा, साडेतीनला ग्राइंडरच्या रिकाम्या शाफ्टपाशी.

शाळेत मी मोठी झाले. "हिनं ओळखलं. कुंभाराची पोर, कान असा तयार!" जो तो म्हणायचा. रावश्याची आई आमच्या घरी येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली आणि आण्णांना फेटा देऊन गेली. रावश्या माझ्याशी बोलताना मान खाली घालायला लागला. आवाज आधी कळला होता तर दगड बसवूच का दिला, हे कुणी विचारलं नाही. वाजवला तेव्हा माझ्याकडे एकट्या सरांचं लक्ष होतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आण्णांनी मला दोन डझन पणत्या देऊन सरांकडे पाठवलं. दार काकूंनी उघडलं.

"ये गं. आतल्या खोलीत आहेत." काकू आतल्या दाराशी गेल्या. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. काकूंनी हाक मारली नाही. लाकडी उंबऱ्यावर टाच दोनदा आपटली. सर वळले.

काकू चहा करायला गेल्या. मी टोपली खाली ठेवली आणि समोर उभी राहिले. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"बस," सर म्हणाले. मी बसले. त्यांनी टोपलीतली एक पणती डाव्या हातानं उचलली, फिरवून बघितली आणि परत ठेवली.

"आवाज बद्द होता," ते म्हणाले.

मी तोंड वर केलं. "हो."

"तू मान हलवलीस."

"हो सर."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गणपतीपासून. पण खात्री नव्हती." मला वाटलं, यापुढचं त्यांना माझ्या ओठांवरून कळू नये. तरी मी तोंड वरच ठेवलं. "खात्री करायची होती. तुम्ही काय म्हणता ते बघून मी लगेच सांगणार होते."

आत कपबशीचा आवाज झाला, तो मी एकटीनं ऐकला.

"विचारायचं होतंस," ते म्हणाले. "बाळ, नुसतं विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं.

"मी हेडसरांना सांगून आलोय," सर म्हणाले. "माझ्या कानांचं. पहिल्याच वर्षी सांगायला पाहिजे होतं. घरात चार माणसं खाणारी, नाही सांगितलं. आता स्टोअर सांभाळीन. तिथं कान लागत नाहीत."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"मी मान हलवली ते."

"ते नाही सांगितलं." त्यांनी डावा हात प्लास्टरवर ठेवला. "सव्वीस जानेवारीला तुला बक्षीस देणार आहेत. घे."

"मला नको सर."

"घे. नको म्हणालीस तर कारण सांगावं लागेल."

काकू चहा घेऊन आल्या. "ह्यांचा जीव वाचवलास बघ पोरी," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात दोन बिस्किटं जास्त दिली. मी ती खाल्ली.

*

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होतील. पुढे मी धातुशास्त्र शिकले. बॉयलरच्या जोडांमधले तडे शोधणं हे माझं काम. जोडावर आम्ही लाल रंग लावतो, तो मुरू देतो, पुसतो आणि वरून पांढरी पावडर मारतो. तडा असेल तर पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटते, केसाएवढी, जराशी वाकडी. नवी पोरं ती पहिल्यांदा बघतात तेव्हा खूश होतात. मी त्या वेळी प्रयोगशाळेतून बाहेर जाते.

सव्वीस जानेवारीला मैदानावर झेंडावंदन झालं. हेडसरांनी माझं नाव पुकारलं, प्रसंगावधान वगैरे शब्द वापरले आणि लाकडी पेटीतला, बारीक मापं घ्यायचा एक नवा व्हर्नियर माझ्या हातात दिला. स्पर्धेत पहिल्या येणाऱ्याला मिळतो तोच. सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. शिक्षकांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बोरगावे सर बसले होते. टाळ्या सुरू झाल्याचं त्यांना शेजाऱ्याचे हात बघून कळलं. त्यांचा उजवा अंगठा वळत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारली, दोनदा, तीनदा.

व्यासपीठावरून उतरताना मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, जशी मी इतके महिने हलवायचे तशीच, हळू, एकदाच.

ती मान खरी होती की नाही, ते मला कळलं नाही. त्यांच्या खुर्चीपासून मी चार पावलांवर होते, अगदी समोर. ते आणखी सात वर्षं त्या शाळेत होते आणि मी दर सुट्टीत गावी जात असे.

मी विचारलं नाही.